जुलैत मारलेलं तणनाशक कांद्याच्या बिजवाईत निघतं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकाच्या शेतीच्या पानावर मागच्या आठवड्यात कांद्यातल्या तणनाशकांवर लेख आला होता. लेख उपयोगी होता. कोणतं औषध लिटरला किती घ्यायचं, ओल असताना मारायचं, चिकटद्रव्य कधी टाळायचं, सगळं नीट लिहिलं होतं. मी तो कापून भिंतीवरच्या फायलीत लावला. पण तो खायच्या कांद्याचा होता. आम्ही बियाण्याचा कांदा करतो. आमच्या सिंदखेडराजा तालुक्यात, शेजारच्या देऊळगाव राजा आणि लोणार भागात कित्येक घरं या एका पिकावर वर्षाचा खर्च काढतात. आमच्याकडे त्याला बिजवाई म्हणतात. बिजवाईतलं तण आणि बाजारच्या कांद्यातलं तण यात फार फरक आहे. आणि तणनाशकाने माझं जे नुकसान झालं ते कांद्यात मारलेल्या तणनाशकाने झालंच नाही, त्याआधीच्या सोयाबीनमध्ये मारलेल्या तणनाशकाने झालं. ते छापून यावं म्हणून हे पत्र.

ज्यांनी बिजवाई पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आम्ही रोप लावत नाही, अख्खा कांदा लावतो. त्याला गोट म्हणतात. उन्हाळ्यात काढलेला, चांगला साठवलेला, मध्यम आकाराचा गोट दिवाळीच्या सुमारास लावायचा, एकराला दहा-बारा क्विंटल. जानेवारीत डेंगळे म्हणजे फुलाचे दांडे निघतात, फेब्रुवारीत त्यांच्या टोकाचे गोंडे म्हणजे फुलांचे गोल गुच्छ फुलतात, एप्रिलमध्ये बोंडं उकलून काळं बी दिसायला लागलं की गोंडे खुडायचे. म्हणजे पीक पाच-साडेपाच महिने उभं. कांद्याची पात उभी आणि बारीक, ती जमिनीवर सावली धरत नाही. सोयाबीन दीड महिन्यात ओळी झाकून टाकतं आणि खालचं तण आपोआप दबतं, तसं इथे कधीच होत नाही. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत जमीन उघडी.

बरं, तण दिसलं की बाया लावून निंदून घ्यावं, तर तेही फार दिवस जमत नाही. डेंगळा आतून पोकळ असतो. लुगड्याचा पदर अडकला तरी मोडतो, आणि मोडला की त्या गोंड्याचं बी गेलं. एकदा फूल आलं की शेतात मधमाश्या असतात. आग्या मोहोळाच्या माश्या आल्या की आम्ही देवाचे आभार मानतो, कारण त्यांच्याशिवाय गोंड्यात दाणा भरत नाही. पण त्या माश्यांत वाकून निंदण करणं कोणाला जमणार? म्हणून डेंगळे निघायच्या आत शेत स्वच्छ पाहिजे. नंतर जे तण राहिलं ते बियाण्यापर्यंत सोबत येतं.

ते कसं येतं, हे मी २०२२ साली भोगलं आहे. हरणखुरी म्हणून एक वेल असते, काही भागात तिला चांदवेल म्हणतात. पांढरी, फिक्कट गुलाबी, छोट्या भोंग्यासारखी फुलं. दिसायला इतकी गरीब की तिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. मार्चमध्ये ती डेंगळ्यावर चढली. आम्ही गोंडे खुडले, ताडपत्रीवर वाळवले, मळले, उफणले. आम्ही करारावर ज्यांना बी देतो त्या बियाणे कंपनीचा माणूस नमुना घेऊन गेला आणि आठ दिवसांनी माल परत आला. तणाचं बी जास्त होतं. हरणखुरीचं बीही काळं, खरबरीत, कोनाकोनाचं. कांद्याच्या बियापेक्षा जरा मोठं, पण वाऱ्यावर दोन्ही सारखंच पडतं. मी आणि माझी सून स्टीलच्या परातीत मूठमूठ बी पसरून, खिडकीच्या उजेडात, बोटाने एकेक दाणा वेगळा करत बसलो. पंधरा दिवस. सुनेच्या डोळ्यांतून पाणी यायचं.

प्रमाणित कांदा बियाण्यात किलोमागे तणाचे जास्तीत जास्त दहा दाणे चालतात, पायाभूत बियाण्यात, म्हणजे ज्यापासून पुढे प्रमाणित बियाणं करतात त्यात, पाच. कांद्याच्या एका किलोत अडीच-तीन लाख दाणे असतात. तीन लाखांत दहा. आणि हा नियम मला अजिबात जाचक वाटत नाही. माझं एक किलो बी कुठल्या तरी जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या वाफ्यात पडणार. त्याच्या शेतात नसलेलं तण मी पैसे घेऊन त्याला पाठवायचं का?

म्हणून तणनाशक मारू नका असं मी म्हणत नाही. आम्ही मारतो. गोट लावले, पाणी दिलं की वाफशावर, म्हणजे जमीन ओली पण चिखल नाही अशी झाल्यावर, पेंडिमेथॅलिन. कधी त्याऐवजी ऑक्सिफ्लोरफेन. ही दोन्ही औषधं जमिनीच्या वरच्या थरात बसतात आणि उगवणाऱ्या बारीक तणाला मारतात, म्हणून फवारल्यावर शेतात उगाच फिरून तो थर मोडायचा नाही. हे आम्हाला कळायला तीन वर्षं लागली. पुढे गवत वाढलंच तर ते दोन-चार पानांवर असताना क्विझालोफॉप. आणि दीड महिन्याने एक निंदण, ते चुकत नाही. नागरमोथ्याला वरच्या दोन औषधांनी काही होत नाही, त्याची गाठ जमिनीत खाली असते. हरणखुरीचंही तसंच, जुनं मूळ असेल तर ती परत फुटते. ते हातानेच, मुळासकट आणि फुलायच्या आत.

२०२० च्या मे महिन्यात केंद्र सरकारने २७ कीडनाशकांवर बंदीचा मसुदा काढला होता. त्यात पेंडिमेथॅलिन आणि ऑक्सिफ्लोरफेन दोन्ही होती. तेव्हा आमच्या गावात बिजवाई करणारे सगळे हादरले होते. पुढे बंदी झाली ती थोड्याच औषधांवर आणि ही दोन राहिली. औषधांच्या धोक्याचा विचार सरकारने करू नये असं माझं म्हणणं नाही. पण ही दोन गेली तर बियाण्याच्या कांद्यात काय वापरायचं, याचं उत्तर तेव्हा मला कोणाकडूनच मिळालं नाही.

आता मूळ गोष्ट.

२०२३ च्या खरिपात पाऊस उशिरा आला. सोयाबीन जुलैत पेरलं. तण सोयाबीनच्या पुढे पळत होतं आणि निंदणाला बाई मिळत नव्हती, सगळ्यांचं एकदमच आलेलं. कृषी केंद्रातून इमॅझेथापायर हे सोयाबीनमधलं तणनाशक आणलं. त्याचं प्रमाण एकराला ४०० मिली. माझ्या त्या तुकड्यात सोयाबीन होतं १८ गुंठे, म्हणजे पुरेसं झालं असतं १८० मिली. बाटली ४०० ची. फवारणीच्या पोराने विचारलं, काकू, उरलेलं काय करू? मी म्हटलं, उरवू नको, घरात लेकरं आहेत, संपवून टाक. बाटली फोडली की संपवायची, ही आमच्या सगळ्यांची सवय. त्याने सगळ्या १८ गुंठ्यांवर दोनदा पंप फिरवला. तण साफ झालं. सोयाबीन थोडं पिवळं पडून आठ दिवसांत सावरलं. मी खूश होते.

त्यानंतर पाऊस गेला. त्या वर्षीचा ऑगस्ट १९०१ पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट होता, हे पुढे पेपरात वाचलं. आम्हाला ते भेगांवरून आधीच कळलं होतं.

सोयाबीन निघालं, वखरणी झाली, दिवाळी झाल्या झाल्या गोट लावले. सगळा प्लॉट ३० गुंठ्यांचा. त्यातले १८ गुंठे सोयाबीनचे, आणि लागूनचे १२ गुंठे उडदाचे. उडीद आम्ही हाताने निंदला होता, त्यात काहीच मारलं नव्हतं. गोट एकाच ढिगातले, लावणाऱ्या बाया त्याच, पाणी एकाच विहिरीचं.

पहिले पंधरा-वीस दिवस दोन्हीकडे पात सारखी आली. गोटात स्वतःचं अन्न असतं, त्यावर तो फुटतो. त्यानंतर उडदाच्या बाजूची पात वर चालली आणि सोयाबीनच्या बाजूची वीतभर होऊन थांबली. शेंडे पिवळे. दोन्हींच्या मध्ये रेघ अशी, की कोणी दोरी धरून आखली असावी. आणि धुऱ्याकडे, म्हणजे बांधाच्या बाजूला, जिथे पंपवाला वळतो आणि त्याची फवारणी एकावर एक पडते, तिथे सगळ्यात वाईट. तिथली पात तर जमिनीलगत बसून राहिली.

मी कृषी केंद्रात गेले. जस्ताची कमतरता म्हणून एक पुडा दिला. मग बुरशी असेल म्हणून आळवणीचं औषध. मग मुळं वाढवणारं एक काळं पाणी. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. साडेतीन हजार रुपये गेले. कंपनीच्या माणसाला बोलावलं, त्याने दोन गोट उपटले आणि म्हणाला, तुमचा गोट साठवणीत सडका होता. मी त्याला हाताला धरून उडदाच्या बाजूला नेलं आणि विचारलं, मग हा गोट कुठला? तो काही बोलला नाही. मोटारसायकलला किक मारून गेला. दुकानदार किंवा कंपनी, कोणाचंही नाव मी लिहीत नाही. त्यांनी माझं मुद्दाम वाईट केलं असं मला वाटत नाही. त्यांनाही माहीत नव्हतं, हेच मला जास्त भीतीदायक वाटतं.

खरं काय ते माझ्या भाच्याने सांगितलं. तो अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शिकला आहे. संक्रांतीला आला, शेतात गेला, खुरप्याने माती मोकळी करून गोट अलगद वर काढला. चांगल्या गोटाची मुळं पांढरी, लांब, दोऱ्यांसारखी मोकळी असतात. याची आखूड, जाड, एकाजवळ एक दाटलेली. जुन्या ब्रशचे केस झिजून राहतात ना, तशी. त्याने पहिला प्रश्न विचारला: मावशी, खरिपात इथे काय मारलं होतं? इतक्या दिवसांत हा प्रश्न मला कोणीही विचारला नव्हता.

त्याचं म्हणणं असं. सोयाबीनमधली काही तणनाशकं लगेच संपत नाहीत. इमॅझेथापायर मातीत महिनोन् महिने राहू शकतं. जमिनीतले जिवाणू ते हळूहळू मोडतात, आणि त्यांना काम करायला ओल लागते. ऑगस्ट कोरडा गेला, जिवाणू थांबले, औषध राहिलं. त्यात मी दुपटीहून जास्त मारलेलं. सोयाबीनच्या अंगात ते औषध पचवायची ताकद आहे, म्हणून ते त्यात चालतं. कांद्याच्या अंगात नाही. फार थोड्या अंशानेही त्याची मुळं थांबतात.

मी म्हटलं, हे तू पुस्तकातलं सांगतोस, माझ्या शेतात हेच झालं कशावरून? तो म्हणाला, बरोबर आहे, अजून दुसरंही कारण असू शकतं, आपण पाहू. त्याने तेलाचे पाच लिटरचे तीन डबे मधोमध कापले, खाली भोकं पाडली. एकात धुऱ्यावरची गवताखालची माती, जिथे कधीच काही फवारलं नव्हतं. दुसऱ्यात सोयाबीनच्या मधल्या पट्ट्यातली. तिसऱ्यात पंपवाला वळतो तिथली. प्रत्येकात आमच्याच कांद्याचं बी, मोजून पन्नास दाणे. ओट्यावर उन्हात ठेवले आणि रोज सारखं पाणी घातलं.

कांद्याचं रोप मातीतून वर येतं ते दुमडलेलं येतं, सुईत ओवलेल्या दोऱ्याच्या वळशासारखं. दोन-चार दिवसांत ते सरळ होतं. तिन्ही डब्यांत उगवण जवळजवळ सारखी झाली. पहिल्या डब्यातलं रोप सरळ झालं, हिरवं झालं, दुसरं पान काढलं. दुसऱ्यातलं सरळ झालं पण तिथेच राहिलं. तिसऱ्यातली बरीचशी दुमडलेलीच पिवळी होऊन बसली. विसाव्या दिवशी मी तिन्ही डब्यांतली रोपं उपटून पांढऱ्या फडक्यावर शेजारी शेजारी ठेवली. मला कोणाच्या सर्टिफिकेटची गरज राहिली नाही.

एप्रिलमध्ये उडदाच्या १२ गुंठ्यांत एक क्विंटल पाच किलो बी झालं. सोयाबीनच्या १८ गुंठ्यांत ५५ किलो, तेही हलकं. मजुरी, गोट, पाणी गुंठ्यामागे दोन्हीकडे सारखंच लागलं होतं. नुकसानभरपाई मागायला गेले तर सांगितलं, हे नैसर्गिक आपत्तीत बसत नाही. बियाणे कंपनीच्या करारात सगळं लिहिलं आहे. एका कांद्याच्या प्लॉटपासून दुसरा किती लांब हवा ते आहे, गोटाचा आकार आहे, कोणती कीटकनाशकं फुलात मारायची नाहीत तेही आहे. त्या जागेवर खरिपात कोणतं तणनाशक होतं, हा रकाना नाही.

औषधाच्या बाटलीसोबतचं घडीपत्रक मी नंतर भिंग घेऊन वाचलं. मुंगीच्या पावलांसारखी अक्षरं, पाच-सहा भाषांत. पीक, तणांची नावं, प्रमाण, पाणी किती, विषबाधा झाली तर काय करायचं, हे सगळं होतं. या औषधानंतर पुढचं पीक कोणतं घ्यायचं नाही आणि किती महिने, हे मला वाचता येईल असं कुठेही सापडलं नाही. दुकानदार तर म्हणतो, मावशी, हे मला कोणी शिकवलंच नाही.

आमच्या भागात सोयाबीन निघालं की त्याच जागेवर कांदा, हा पायंडा आता घट्ट झाला आहे. दरवर्षी पाच-दहा प्लॉट असे बसके निघतात आणि दरवर्षी दोष गोटाला जातो, थंडीला जातो, पाण्याला जातो. सगळ्यांचं कारण हेच असेल असं मी म्हणणार नाही. पण ती मातीची चाचणी करायला लागतात तीन डबे, मूठभर बी आणि वीस दिवस. ऑक्टोबरात केली तर गोट लावायच्या आत उत्तर मिळतं.

त्यानंतरच्या दोन हंगामांत मी बिजवाईची जागा मे महिन्यातच ठरवते आणि त्या तुकड्यात खरिपाला इमॅझेथापायर, किंवा त्याच्या जातीचं दुसरं काही येऊ देत नाही. डवरणी म्हणजे कोळपणी दोनदा आणि निंदण दोनदा. आठ बायांचा रोज जातो, ३०० रुपयांप्रमाणे. घरचे म्हणतात महाग पडतं. मी त्यांना ५५ किलोची पावती दाखवते. त्या बायाही आता जपल्या पाहिजेत. हरणखुरीचं दोन पानांचं रोप मातीत ओळखून काढणाऱ्या माझ्याकडे दोघीच आहेत, दोघी साठीच्या पुढच्या, आणि त्यांची जागा घेणारं कोणी मला दिसत नाही. आमच्या गावात मजूर मिळत नाहीत असं म्हणणारे पुष्कळ आहेत, पण जे ज्ञान या दोघींजवळ आहे त्याला आम्ही पुरुषाच्या फवारणीच्या रोजापेक्षा कमी पैसे देतो, हे मला मान्य नाही. मी यंदापासून दोन्ही रोज सारखे केले आहेत.

राजगुरुनगरला कांद्याची संशोधन संस्था आहे, जबलपूरला तणांची आहे, अकोल्याला आमचं विद्यापीठ आहे. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे, की बियाण्याच्या कांद्यासाठी तणनाशकांची वेगळी शिफारस मराठीत सोप्या भाषेत द्या, आणि तिची सुरुवात लागवडीपासून करू नका, आधीच्या खरिपापासून करा. वऱ्हाड आणि मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत, कोरड्या वर्षी आणि ओल्या वर्षी, कोणतं औषध किती दिवस राहतं तेही सांगा. कृषी विभागाने दुकानदाराला एवढंच सक्तीचं करावं, की अशी बाटली विकताना बिलावर मोठ्या अक्षरात लिहून द्यायचं: यानंतर कांदा लावू नये, अमुक महिने. बियाणे कंपन्यांनी करारात तो एक रकाना वाढवावा. यात कोणाचं काही मोठं जात नाही.

आणि आपल्याला विनंती अशी, की हे पत्र छापायचं असेल तर जुलैच्या पहिल्या आठवड्याच्या आत छापावं. आमच्याकडे पेरण्या तोंडावर आल्या आहेत. पंधरा-वीस दिवसांनी तण दिसायला लागेल आणि ४०० मिलीच्या बाटल्या घराघरात येतील. ज्यांच्या मनात दिवाळीनंतर त्याच तुकड्यात गोट लावायचा आहे, त्यांनी बाटलीचं झाकण उघडायच्या आधी हे वाचलेलं असावं.

गावात दुकान एकच आहे, रोजची गाठ आहे. तेव्हा माझं नाव छापू नये.

आपली,
बिजवाई करणारी एक शेतकरी
ता. सिंदखेडराजा, जि. बुलढाणा